दक्षिणेकडून येणारा सुगंधी वारा : चिनी-जपानी सुलेखनातलं हवामान

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं आहे. क्योतोहून आलेल्या स्नेह्यांनी त्यांना काळ्या शाईत लिहिलेली उभी कागदी गुंडाळी भेट दिली. त्यावर वरून खाली पाच अक्षरं आहेत आणि अर्थ सांगितला तो एवढाच, की 'दक्षिणेकडून वारा येतो'. त्यांच्या शंका तीन. या सुलेखनात वारा कशाचं प्रतीक मानतात? दक्षिणेचं नाव असलेली वस्तू घरात लावावी का? आणि अक्षरं वाऱ्याची असून ती इतकी ठाम, सरळ उभी का? त्यांत वारा कुठे आहे?

मी गेली २२ वर्षं जपानी पद्धतीचं सुलेखन करते आणि शिकवते. तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून जास्त वेळ त्याच्यावरच घालवणार आहे. आधी तुमच्या गुंडाळीकडे येऊ.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही ओळ 'कुन्पू मिनामी योरी कितारु' आहे, म्हणजे 'सुगंधी वारा दक्षिणेकडून येतो'. जपानमध्ये मे महिन्यापासून, उन्हाळा लागताना, चहाच्या खोलीतल्या कोनाड्यात ही ओळ टांगतात. ती मूळची चीनमधली आहे आणि तिचा जन्म एका सुलेखनकाराच्याच तोंडून झाला, हे मला फार आवडतं. तांग घराण्याचा सम्राट वनत्सोंग याचा राज्यकाळ ८२७ ते ८४०. एका उन्हाळ्यात तो दरबारातल्या विद्वानांबरोबर पदपूर्तीचा खेळ खेळत होता. त्याने दोन ओळी म्हटल्या : लोक उकाड्याने हैराण होतात, मला मात्र उन्हाळ्याचा लांब दिवस आवडतो. त्यावर ल्यू गोंगच्वान याने पुढच्या दोन जोडल्या : सुगंधी वारा दक्षिणेकडून येतो, महालात हलका गारवा पसरतो. सम्राटाने त्याला ते भिंतीवर लिहायला लावलं. पाच-पाच इंचांची अक्षरं पाहून तो म्हणाला, जुने थोर सुलेखनकार पुन्हा जन्माला आले तरी यापेक्षा सरस लिहिणार नाहीत. 'मन सरळ असेल तर कुंचला सरळ राहतो' हे वचन ज्याच्या नावावर आहे, तो हाच ल्यू गोंगच्वान.

पुढे सोंग काळात सू शी या कवीला ही कविता खटकली. महालात गारवा पसरला, पण बाहेर उन्हात राबणाऱ्यांचं काय? त्याने आणखी चार ओळी लिहून हा गारवा चारी दिशांना सारखा वाटला जावा, अशी इच्छा जोडली. त्याचं म्हणणं मला पटतं. मी ही ओळ शिकवते तेव्हा सू शीची भर सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

दरबारातली ही ओळ चहाच्या खोलीत पोचली ती झेन मठांतून. युआनवू या गुरूंनी प्रवचनात 'सगळे बुद्ध कुठून येतात?' हा जुना प्रश्न घेतला आणि स्वतःचं उत्तर म्हणून हीच ओळ म्हटली. ती ऐकताना समोर बसलेल्या दाह्वी या शिष्याच्या मनातली गाठ सुटली, अशी परंपरा सांगते. म्हणून तुमच्या भिंतीवरची ओळ ऋतूची आहे, दरबाराची आहे आणि ध्यानाचीही आहे. तिला एकाच शब्दाचा 'अर्थ' चिकटवू नका. विकाऊ वस्तूंवर 'वारा म्हणजे स्वातंत्र्य', 'वारा म्हणजे बदल' अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. त्यांनी वाचणाऱ्याचं नुकसान होतं, कारण चिठ्ठी वाचली की माणूस अक्षराकडे बघणं थांबवतो.

दक्षिणेची भीती इथे लागू नाही. चीन-जपानमध्ये हाडं गोठवणारा वारा हिवाळ्यात उत्तरेकडून, सायबेरियाच्या बाजूने येतो. उन्हाळ्याचा ओला, झाडापानांचा वास घेऊन येणारा वारा दक्षिणेचा. तिथल्या माणसाला दक्षिण हा शब्द ऐकला की दार उघडावंसं वाटतं. आपल्याकडेही यमाच्या दिशेबरोबरच चंदनाच्या वासाचा मलयानिल दक्षिणेकडूनच येतो. तेव्हा निर्धास्त लावा.

आता 'वारा' या अक्षराकडे. चिनीत त्याचा उच्चार 'फंग', जपानीत एकटं असेल तर 'काझे' आणि जोडशब्दात 'फू'. तीन हजार वर्षांपूर्वी शांग राजे शकुन पाहण्यासाठी हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर अक्षरं कोरत. तिथे वाऱ्याला वेगळं चिन्हच नाही. वारा दिसत नाही, काढणार काय? म्हणून त्यांनी तुरेदार दिव्य पक्ष्याचं चिन्ह वाऱ्यासाठी वापरलं. त्याच कोरीव लेखांत चारही दिशांच्या वाऱ्यांना वेगवेगळी नावं आहेत. पुढे पक्षी गेला आणि चौकटीच्या आत किड्याचं चिन्ह आलं. इसवी सन १००च्या सुमारास शू शन याने आपल्या कोशात कारण दिलं की वारा हलला की किडे जन्मतात. हे स्पष्टीकरण अक्षराचा खरा इतिहास नव्हे, पण वसंताच्या पहिल्या उबदार वाऱ्याबरोबर जमीन वळवळायला लागते हे ज्याने पाहिलंय त्याला ते खोटंही वाटणार नाही. आज चीनमध्ये त्या चौकटीत किड्याऐवजी फक्त एक फुली उरली आहे, जपानमध्ये किडा अजून आहे.

याच अक्षराचा दुसरा अर्थ आहे चाल, रीत, घाट. 'शोफू' म्हणजे शब्दशः 'लेखनाचा वारा', आणि त्याचा अर्थ एखाद्या सुलेखनकाराची शैली. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. एखाद्याला शहराचं वारं लागलं असं आपण म्हणतो तेव्हा हवामानाबद्दल बोलत नसतो. वारा दिसत नाही, पण ज्याच्यावरून जातो त्याला वाकवून जातो. शैलीचंही तसंच असतं. म्हणून अक्षरात वारा शोधायचा तर आधी विचारा, हे लिहिणाऱ्याला कुणाचं वारं लागलंय?

आणि आता तिसरा प्रश्न. अक्षरं वाकडी का नाहीत?

शिकायला आलेले जवळजवळ सगळे 'वारा' लिहायला सांगितलं की अक्षर तिरपं करतात, 'पाऊस' लिहायला सांगितला की शाई ठिबकवतात. मीही केलंय. पुण्यातल्या माझ्या पहिल्या बाईंनी तो कागद हातात घेतला, काही न बोलता उलटा ठेवला आणि मला आडवी रेघ काढायला बसवलं. सहा आठवडे फक्त आडवी रेघ.

त्या रेघेतच हवामान आहे. वेई बाई या चौथ्या शतकातल्या चिनी सुलेखनकार स्त्रीच्या नावावर एक छोटा ग्रंथ परंपरेने चालत आलाय. वांग शीझी हा थोर सुलेखनकार त्यांचा शिष्य. त्या ग्रंथात एकेका फटकाऱ्याला उपमा दिली आहे. टिंब कसं, तर उंच कड्यावरून सुटलेल्या दगडासारखं. शेवटचा उतरता फटकारा कोसळणाऱ्या लाटेसारखा आणि धावत्या मेघगर्जनेसारखा. आणि आडवी रेघ हजार कोसांवर पसरलेल्या ढगांच्या थरासारखी, पुसट भासणारी पण आत आकार असलेली. हे वाचून ढग काढायचा नसतो. ढगाला कडा नसते, तरी वजन असतं. रेघेची सुरुवात कुठे झाली हे दिसू नये, पण मधोमध भार जाणवावा, एवढं त्यातून हाताने शिकायचं. उभ्या रेघेचे दोन प्रकार आजही पहिल्या वर्षात शिकवतात. टोकदार संपते ती 'लटकती सुई'. शेवटी हात थांबून, किंचित वर वळून गोल होते ती 'लोंबतं दव'. पहाटे गवताच्या पात्याच्या टोकाशी दवाचा थेंब सुटू की नको करत असतो, तो क्षण मनगटात आणायचा असतो.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट ह्वायसू आणि यान चन्छिंग यांची. ह्वायसू आठव्या शतकातला बौद्ध भिक्षू, झपाट्याच्या घसरत्या लिपीसाठी गाजलेला. यान चन्छिंग त्या काळचा मोठा अधिकारी आणि जाड, भारदस्त अक्षराचा धनी. दोघांचा संवाद लू यू याने लिहून ठेवला. चहावरचा पहिला ग्रंथ लिहिणारा तोच लू यू. यानने विचारलं, तुम्हाला स्वतःला काही गवसलंय का? ह्वायसू म्हणाला, उन्हाळ्यातल्या ढगांची विचित्र शिखरं मी बघत बसतो, तेच माझे गुरू. यान म्हणाला, आणि गळक्या छपराचा ओघळ? ह्वायसू उठला, त्याने यानचा हात धरला आणि म्हणाला, सापडलं!

पुस्तकात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काहीच उमगलं नव्हतं. उमगलं ते एका जुलैत, कोकणातल्या आमच्या जुन्या कौलारू घरी. कौल सरकलं होतं आणि चुन्याच्या भिंतीवरून पाणी उतरत होतं. थेंब सरळ खाली येत नाही. थांबतो, मागून पाणी येऊन फुगतो, डावीकडे किंचित सरकतो, मग एकदम बोटभर घसरतो आणि पुन्हा थांबतो. तो सरळ जात नाही, पण खाली जाणं सोडत नाही. वाळल्यावर मागे राहतो तो डाग कडांना गडद आणि जिवंत असतो. पट्टीने मारलेली रेघ त्याच्या शेजारी मेलेली वाटते. कुंचल्याचं टोक रेघेच्या मधोमध ठेवून, कागदाचा विरोध जाणवत जाणवत खाली यायचं, ह्याचं यापेक्षा चांगलं वर्णन मला आजवर मिळालेलं नाही. मराठी मुलांना ही गोष्ट सांगायला वेळ लागत नाही. ओघळ प्रत्येकाने पाहिलेला असतो.

वारा दिसतोच असं एक ठिकाण मात्र आहे. कुंचला कोरडा पडत आला आणि हात वेगात गेला की रेघेत कागदाचे पांढरे धागे उरतात. त्याला चिनीत 'उडतं पांढरं' म्हणतात, जपानीत 'हिहाकु'. दुसऱ्या शतकातल्या त्साय योंगला ही कल्पना चुन्याचा कुंचा फिरवणाऱ्या मजुरांकडे बघून सुचली, अशी आख्यायिका आहे. उलट शाई पातळ आणि कागद तहानलेला असेल तर अक्षराभोवती धुकं पसरतं, ते 'निजिमि'. तुमच्या गुंडाळीत दुसरं अक्षर 'वारा' आहे. दिव्याखाली तिरपं धरून त्याची उजवी बाजू बघा, जिथे रेघ खाली येऊन बाहेर वळते. तिथे पांढरे धागे दिसले तर लिहिणाऱ्याचा हात त्या वळणावर किती वेगात होता ते कळेल.

हवामान अक्षरात येतं तसंच ते अक्षराच्या आधीही येतं. सुन ग्वोतिंग या सुलेखनकाराने ६८७ मध्ये लिहिलेला ग्रंथ त्याच्याच हस्ताक्षरात तैपेईच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात लिहायला अनुकूल पाच गोष्टी आणि प्रतिकूल पाच गोष्टी सांगितल्या आहेत. अनुकूलांतली एक म्हणजे ऋतू सौम्य आणि हवेत ओलावा. प्रतिकूलांतली एक म्हणजे कोरडा वारा आणि तळपतं ऊन. हे अगदी कारागिराचं निरीक्षण आहे. शाईची कांडी काजळी आणि सरसाची बनते. ती पाणी घालून दगडावर उगाळायची, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी. मे महिन्यात पुण्यात पंख्याखाली लिहायला बसलं की उगाळलेली शाई पाहता पाहता घट्ट होते आणि रेघ अर्ध्यातच कोरडी पडते. जुलैत तोच कागद हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो आणि अक्षर फुगतं. म्हणून मी महत्त्वाचं काम पाऊस ओसरल्यावरच्या सकाळी करते. जपानमध्ये नारा शहरात शाईच्या कांड्या थंडीच्या महिन्यांतच बनवतात, कारण उकाड्यात सरस कुजतो.

एखाद्या दिवसाची हवा कागदावर कायमची राहिल्याची उदाहरणंही आहेत. वांग शीझीने ३५३च्या वसंतात शाओशिंगजवळच्या लानतिंगला मित्रांना जमवलं, वाहत्या पाण्यात मद्याचे पेले सोडून कविता झाल्या आणि त्या संग्रहाला त्याने प्रस्तावना लिहिली. २८ ओळी, ३२४ अक्षरं. 'त्या दिवशी आकाश निरभ्र, हवा स्वच्छ, कृपाळू वारा मंद आणि सुखद' हे त्यातलंच वाक्य. या वाक्याचा शेवटचा तुकडा आजही लिहून टांगतात. मूळ कागद नाहीसा झालाय, आपण पाहतो त्या प्रती. त्याचंच एक पत्र अवघ्या २८ अक्षरांचं : बर्फ छान पडलं, आता उघडलंय, तुम्ही बरे असाल. वेळेवर पडलेलं बर्फ म्हणजे पुढच्या हंगामात धान्य, असा तिथला समज. त्या पत्राची तांग काळातली प्रत अठराव्या शतकात छ्यान्लोंग सम्राटाकडे होती. बर्फ पडलं की तो ती बाहेर काढायचा आणि कडेला काहीतरी लिहायचा. असं कित्येक दशकं चाललं, इतकं की आज मूळ चार ओळी त्याच्या लेखनाच्या गर्दीत शोधाव्या लागतात. मला ती गर्दी आवडत नाही. पण बर्फ पडल्यावर जुनं पत्र आठवावं, ही ओढ मला कळते.

पावसाचं सर्वांत मोठं काम मात्र सू शीचं. दरबारातून हाकलून त्याला ह्वांगचौला धाडलं होतं. १०८२ साली, तिथला तिसरा वसंत. थंड अन्नाचा सण, म्हणजे चूल पेटवायची नाही असे दिवस, आणि दोन महिने पाऊस. नदी दारातून आत येऊ पाहतेय, लहानसं घर धुक्या-पाण्यात मासेमाराच्या होडीसारखं तरंगतंय, मोडक्या चुलीत ओली लव्हाळी जळतायत, असं त्या कवितांत आहे. हस्तलिखित बघा. सुरुवातीची अक्षरं लहान, आवरून धरलेली. मग हळूहळू फुगत जातात, आणि 'लव्हाळी'वर आल्यावर शेवटची उभी रेघ एकदम खोल खाली जाते. पावसाचं एकही चित्र काढलेलं नाही, तरी पाणी वाढत जाताना दिसतं. हा कागद विसाव्या शतकात जपानी संग्राहकाकडे होता, १९२३च्या तोक्यो भूकंपाच्या आगीतून त्याने तो बाहेर काढला. आता तैपेईत आहे.

जपानकडून मी एकच नाव घेईन, कूकाई. चीनला जाऊन संस्कृत शिकलेला आणि सिद्धम् लिपी जपानमध्ये नेणारा हा भिक्षू. ती लिपी आपल्या नागरीची जवळची नातलग, तिथे ती कुंचल्याने लिहिली गेली. ८१२-१३च्या सुमाराचं त्याचं साइचो या दुसऱ्या भिक्षूला लिहिलेलं पत्र क्योतोच्या तोजी मंदिरात आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून. सुरुवातच अशी : वाऱ्याचा निरोप, ढगांचं पत्र, आकाशातून झेपावत आलं. उघडून वाचलं तर जणू ढग आणि धुकं दूर झालं. साइचो हिएई डोंगरावर राहायचा, त्यामुळे त्याचं पत्र खरंच ढगांतून यायचं. पुढे साधी चौकशी : गारवा वाढलाय, प्रकृती कशी आहे? हवामानाची विचारपूस हाच या लेखनाचा मूळ धर्म आहे. जपानी माणूस आजही पत्राची सुरुवात ऋतूने करतो.

वाऱ्याच्या इतर ओळींबद्दल थोडक्यात. 'पाच दिवसांनी वारा, दहा दिवसांनी पाऊस' म्हणजे सुखाचं, सुकाळाचं राज्य. 'वारा जुळता, पाऊस वेळेवर' हे चीनमध्ये नव्या वर्षाला दारावर लावतात. तिथल्या मंदिरांच्या दाराशी उभे असलेले चार लोकपाल, जे मुळात भारतातून गेलेले चातुर्महाराजिक देव, तलवार, वीणेसारखं वाद्य, छत्री आणि साप हातात धरून हीच चार अक्षरं सांगतात. 'शांत बसून पाइनमधला वारा ऐकतो' ही ओळ चहाच्या खोलीत दिसली तर किटलीकडे कान द्या, पाणी उकळायच्या आवाजालाच ते पाइनचा वारा म्हणतात.

आणि एक ओळ आपल्या घरची. 'आठ वारे वाहिले तरी न हलणारा'. हे आठ वारे म्हणजे लाभ-अलाभ, कीर्ती-अपकीर्ती, निंदा-स्तुती, सुख-दुःख. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत महामंगल सुत्त म्हणतात, त्यात 'फुट्ठस्स लोकधम्मेहि चित्तं यस्स न कम्पति' असं येतं. ते लोकधर्म हेच आठ. पालीत ते माणसाला स्पर्श करतात, चीनला पोचेपर्यंत त्यांचे वारे झाले. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ही ओळ लिहायला घेतली तेव्हा तिची आजी शेजारी बसून सुत्त म्हणत होती. त्या दिवशीचं तिचं अक्षर मी जपून ठेवलंय.

शेवटी तुमच्या गुंडाळीची काळजी. ती बारा महिने लावू नका. ओळ उन्हाळ्याची आहे, आणि कागदाच्या मागे खळ असते, नाशिकच्या पावसात तिला बुरशी लागेल, कसर लागेल. एप्रिल-मेमध्ये थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर लावा, पंख्याच्या झोतात नको, खालचा दांडा आपटून कागद फाटतो. पहिल्या सरीच्या आधी, कोरड्या दुपारी, हात धुऊन खालून वर गुंडाळा. घट्ट ओढू नका, कडा जुळतील एवढीच. सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा उघडून दोन-तीन तास सावलीत लटकवा आणि पुन्हा ठेवून द्या. त्या दोन-तीन तासांत 'वारा' अक्षराची उजवी बाजू पुन्हा एकदा बघा.